चोराच्या हातावर ऊन

ठकीच्या तोंडावर ठकीचा स्वतःचा असा हक्क कधी फारसा नव्हताच. तेराव्या वर्षी कपाळावर पहिली पुटकुळी उगवली, त्याच दिवशी आईने तिला पार्लरच्या दिव्याखाली बसवलं आणि ते तोंड आईच्या ताब्यात गेलं. आईचं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. रस्त्याकडच्या काचेवर आईने झोकात रंगवून घेतलं होतं, ‘पिंपल्स? निर्धास्त आत या.’ आणि ते वाचून निर्धास्त आत आलेल्या बाईला सगळ्यात आधी दिसायची ती मधल्या दारातून चहाचा कप घेऊन येणारी, गालांवर लाल पुटकुळ्यांचं पीक मिरवणारी खुद्द मालकिणीची लेक. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवाही आईनेच लावलेला होता.

म्हणून दर रविवारी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आत, आई ठकीला खुर्चीत मागे रेलवायची, वाफ द्यायची आणि टोकाला बारीक कडं असलेली स्टीलची सळई घेऊन एकेक फोड दाबून काढायची.

“हलू नकोस,” ती म्हणायची. “एवढंसं तर आहे.”

एवढंसं म्हणजे किती, हे आपण सळईच्या कोणत्या टोकाला आहोत त्यावर ठरतं. ठकी खुर्चीच्या हातांचं रेक्झिन नखांनी खरवडत पडून राहायची. इतक्या वर्षांत दोन्ही हातांमधला कापूस बाहेर आला होता, आणि आईचं ठाम मत होतं की रेक्झिनच हलक्या प्रतीचं निघालं.

नोकरीसुद्धा ठकीने तोंड बघूनच धरली, म्हणजे तोंड कोणी बघणार नाही एवढं बघून. बुटांच्या दुकानात. तिथे येणारा माणूस स्वतःच्या पायांकडे बघतो, तिथले आरसेही गुडघ्याच्या वर जात नाहीत, आणि बूट चढवून देणारी मुलगी मान खाली घालून उकिडवी बसलेली असते. तिला ते फार सोयीचं वाटायचं. तेवीस वर्षांच्या मुलीने असली सोय शोधावी याचं खरं तर कोणालातरी वाईट वाटायला हवं होतं. घरात ते कोणाला वाटलं नाही. बाबा म्हणाले, “पगार वेळेवर देतात ना? मग झालं.”

पण एके दिवशी काळे बूट घालून बघणाऱ्या एका बाईंनी पायांकडे न बघता वरून थेट ठकीच्या तोंडाकडेच बघितलं.

“चावताहेत का?” ठकीने विचारलं.

“बूट ठीक आहेत. तुझ्या हनुवटीवरचे दुखत असतील. कोणी दाबले?”

‘आईने’ म्हणायची लाज वाटली, म्हणून ठकी म्हणाली, “आपोआप.”

“आपोआप इतके नीट कोणी दाबत नाही,” बाई म्हणाल्या. त्या निघाल्या त्वचेच्या डॉक्टर. बूट त्यांनी घेतले नाहीत, पण दवाखान्याचा पत्ता देऊन गेल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड नुसतं बघितलं, हात लावून दाबलं नाही, याचीच ठकीला केवढी मौज वाटली. मग त्यांनी रोज एक गोळी आणि रात्री लावायचं मलम लिहून दिलं. सूचना मात्र नव्या नवरीला मिळाव्यात तशा ढीगभर. गोळी जेवल्यावर घ्यायची, मोठा पेला भरून पाण्याबरोबर. घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नरड्यात अडकली तर जाळते. दूध बरोबर घ्यायचं नाही, गोळीचा गुण उतरतो. उन्हात जपायचं, कातडी भाजते. पहिले काही आठवडे वाढल्यासारखं वाटेल, धीर धरायचा. तीन महिन्यांनी बघू, कारण ही औषधं काही जन्मभर खायची नसतात.

“आणि कोणाला द्यायच्या नाहीत. मैत्रिणी मागतात.”

“मला एवढ्या मैत्रिणी नाहीत,” ठकी म्हणाली.

“आणि ते आपोआप दाबलं जाणं बंद.”

घरी ही बातमी कळली आणि आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“गोळ्या? तोंडाच्या दुखण्याला पोटात गोळ्या? अगं, शिंप्याच्या पोरीने तयार कपडे आणावेत तसं झालं हे! गिऱ्हाइकांना कळलं तर काय म्हणतील? माझ्या हाताला काय लकवा भरलाय?”

“दहा वर्षं झाली तुझ्या हाताला,” ठकी म्हणाली. “काय उजेड पडला?”

असं ती आधी कधी बोलली नव्हती. आई गप्प झाली, आणि आई गप्प झाली की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत. शेवटी ठकीनेच पैज मांडली. तीन महिने गोळ्या, तीन महिने खुर्ची बंद. त्यानंतरच्या रविवारी दोन जुनी गिऱ्हाइकं पंच म्हणून बसवायची. तोंड स्वच्छ झालं असेल तर खुर्ची कायमची सुटली.

“आणि नाही झालं तर?” आईने विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. “नाही झालं तर दर रविवारी खुर्चीत. लग्न होईपर्यंत. लग्न झाल्यावरसुद्धा, माहेरी आलीस की आधी खुर्ची, मग चहा. आणि स्वच्छ म्हणजे स्वच्छ. एकही पुटकुळी दिसता कामा नये.”

“कबूल,” ठकी रागारागात म्हणाली. रागात कबूल केलेल्या अटी माणसाने शांतपणे एकदा पुन्हा वाचाव्यात. पण मग तो राग कसला?

बाबांना साक्षीदार केलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘हे बरं दिसतं की ते बरं दिसतं?’ विचारायची सवय जडल्यामुळे कुठल्याही भांडणात त्यांना दोन्हीकडचं बरंच दिसायचं. ते म्हणाले, “दोघींचंही बरोबर आहे,” आणि जेवायला बसले.

पहिला महिना आईचा गेला. पुटकुळ्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या, आणि आई केस कापताना गुणगुणायला लागली. एकदा घाईत ठकीने उपाशीपोटीच गोळी घेतली. दुकानात पोटात असं काही ढवळून आलं की विचारू नका, आणि नेमका त्याच वेळी नाकासमोर एका गृहस्थाचा मोजा होता. ती बूट टाकून मोरीकडे धावली. गृहस्थ बिचारे जन्मभर पाय धूत असतील आता. एकदा भर दुपारी कोपऱ्यावरच्या गिऱ्हाइकाकडे बुटांचा जोड पोचवायला ती गेली. जाऊन येऊन असा कितीसा वेळ, पण संध्याकाळी दोन्ही हातांची पाठ मनगटापासून बोटांपर्यंत लालबुंद झाली, अंगावर कढत पाणी सांडावं तशी. गार पाणी लागलं तरी चरचरायची. त्या दिवसापासून ती लांब बाह्या, मोठी टोपी आणि हातमोजे चढवून बाहेर पडू लागली.

“मध काढायला निघालीस का?” आई विचारायची.

पण दुसऱ्या महिन्यात कपाळ मोकळं झालं. मग एक गाल निवळायला लागला. ठकी आरशासमोर उभी राहून कपाळावरून हात फिरवायची आणि तिला हसू यायचं. आईचं गुणगुणणं बंद झालं. येता जाता ती ठकीच्या तोंडाकडे चोरून बघायची, चांगली रोखून बघायची, आणि ठकीने बघितलं की लगेच फडक्याने आरसा पुसायला घ्यायची.

आणि मग गोळ्या कमी व्हायला लागल्या.

अख्खी पट्टी कधी गेली नाही. चोर हिशेबी होता. आज एक खळगा रिकामा, दोन दिवस काही नाही, मग पुन्हा एक. ठकीला आधी वाटलं, आपणच घेतली असेल आणि विसरलो असू. मग तिने पट्टी कपाटातून हलवून बाबांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवली. तिथूनही गेली. बुटाच्या टोकात कोंबून ठेवली, तिथूनही गेली. पर्समध्ये घालून रोज बरोबर न्यायला लागली, तर पर्स संध्याकाळी खुंटीला टांगायची तेवढ्यात गेली. औषधाच्या दुकानात जादा मागायला गेली तेव्हा दुकानदाराने चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “शेंगदाण्यासारख्या खाता काय?” डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ‘माझ्या घरात चोर आहे’ म्हणायची तिला हिंमत झाली नाही. शेवटी ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी नाही, असं चाललं. हनुवटीवर पुन्हा दोन पुटकुळ्यांनी डोकं वर काढलं.

चोर कोण, हे सांगायला पंचांगच उघडायला हवं होतं असं नाही. घरात माणसं तीन. बाबांना पट्टी आणि बटण यातला फरक चष्मा लावल्याशिवाय कळायचा नाही. राहिली आई. आणि आईने गोळ्यांचं काय करायचं? मोरीत टाकायच्या, दुसरं काय! पैज जिंकायला. हे ठकीच्या मनात आलं आणि तिला फार लागलं. दहा वर्षं सळई टोचली ते तिने इतकं मनावर घेतलं नव्हतं. आई चुकते, हे एक वेळ चालतं. पण आई लबाडी करते, आणि तीही आपलं तोंड पुन्हा बिघडावं म्हणून, हे कसं गिळायचं?

रडत बसण्याचा ठकीचा पिंड नव्हता. तिने सापळा लावला. पट्टी मुद्दाम खणात उघड्यावर ठेवली आणि तिच्यावर पांढरी पावडर भुरभुरली, म्हणजे चोराच्या बोटांना लागेल. संध्याकाळी ती हात बघायला पार्लरमध्ये गेली. आईच्या हातांना पावडर होती. कोपरापर्यंत होती. खुर्चीला होती, फोनला होती, दाराच्या कडीला होती, आणि वेणी घालून घ्यायला आलेल्या शेजारच्या मुलीच्या नाकालाही होती. पार्लरमध्ये पावडरीचा सापळा लावणं म्हणजे गिरणीत पिठाचा पुरावा शोधणं. ठकीने कपाळाला हात लावला, तर तिथेही लागली.

त्याच सुमारास आईच्या छातीत जळजळ सुरू झाली. सकाळी उठली की छाती चोळत बसायची. रात्रीचा स्वयंपाक बाबांचा असायचा, त्यामुळे आळ सरळ तिखटावर आला. बाबांनी तिखट कमी केलं, मग बंद केलं. शेवटी भाजी अशी व्हायला लागली की ती आजाऱ्याने सुद्धा परत पाठवली असती. जळजळ मात्र जाईना.

तिसऱ्या महिन्यात मोठ्या मैदानावर छोटे धंदे करणाऱ्या बायकांचं प्रदर्शन भरलं. कोणाच्या पिशव्या, कोणाच्या मेणबत्त्या, कोणाचे केक. आईनेही एक टेबल घेतलं, दोन खुर्च्या टाकल्या आणि येणाऱ्या जाणाऱ्यांना चेहऱ्याची मालीश करून दाखवायला बसली. सुट्टी होती म्हणून ठकीही मदतीला गेली, आपल्या मध काढायच्या वेषात. सकाळीच वारा सुटला आणि टेबलावरचं कापडी छत उडून केकवालीच्या केकवर जाऊन बसलं. छत क्रीमने माखलं आणि केकवाली अशी काही खवळली की ते परत मागायला कोणी गेलंच नाही. दिवसभर सगळ्या उन्हात. आईच्या चेहऱ्यावर नेहमीसारखा मेकअपचा जाड थर होता, त्यात ऊन अडवणारं काय काय मिसळलेलं. हात मात्र कोपरापासून उघडे.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने बादलीत गार पाणी घेतलं आणि दोन्ही हात त्यात बुडवून बसली.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“त्या मालीशच्या टबातलं पाणी कढत होतं.”

ठकी वाकून बघायला लागली. मनगटापासून बोटांपर्यंत हातांची पाठ लालबुंद. तिला ती लाली ओळखीची वाटली. कुठे बघितली होती? आणि एकदम तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“पाणी गारच होतं,” ती सावकाश म्हणाली. “मीच भरलं होतं.”

“मग उन्हाने असेल,” बाबा म्हणाले. “पण मीसुद्धा दुपारभर तिथे फिरलो. पिशवीवाली तर तुझ्या शेजारी उघड्या डोक्याने बसली होती. कोणाला एवढं लागलं नाही.”

“माझी कातडी नाजूक आहे,” आई फणकाऱ्याने म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. या चोराच्या हातावर ऊन पडलं होतं. ठकी उठून मोरीत गेली, दार लावून घेतलं आणि तोंडात टॉवेल कोंबून हसली. आई गोळ्या टाकत नव्हती! आई गोळ्या खात होती! अंथरुणावर पडता पडता, अंधारात, पाण्याशिवाय कोरडीच गिळत असणार, म्हणून ती जळजळ. बिचारे बाबा महिनाभर उगाच तिखटाला मुकले. ठकी हसता हसता थांबली ती एका विचाराने. पण आईला गोळ्या हव्यात कशाला?

आणि तिला आठवेना की आपण आईचं उघडं तोंड शेवटचं कधी बघितलं. आई सगळ्यांच्या आधी उठायची आणि थर चढवूनच खोलीबाहेर यायची. रात्री दिवा बंद झाल्यावर पुसत असावी. बाबा झोपताना चष्मा काढायचे, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. पार्लरवाली आहे, तोंड नीटनेटकं नको का, असं सगळे धरून चालले होते. आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे ती जाणार कशी? तिथल्या बाकावर अर्धी गिऱ्हाइकं तिचीच बसलेली असणार. ठकीचा राग कुठल्या कुठे गेला. पण खोड जाते कुठे? हुकमाचा पत्ता हातात आला होता, तो काय लगेच टाकायचा? पैजेच्या दिवशी, पंचांसमोर टाकायचा असं तिने ठरवलं आणि तोवर मजा बघायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती बाबांना म्हणाली, “बाबा, ही गोळी कोरडी गिळून लगेच झोपलं ना, की छाती जळते. मोठा पेलाभर पाणी प्यायचं आणि बराच वेळ बसून राहायचं.”

“बरं,” बाबा म्हणाले. “पण मी कुठे गोळ्या घेतो?”

“माहीत असलेलं बरं.”

त्या रात्री आई भला मोठा पेला घेऊन खोलीत गेली. दोन दिवसांत जळजळ थांबली आणि बाबांचं तिखट परत आलं.

“बाबा,” ठकी पुढच्या आठवड्यात म्हणाली, “या गोळीबरोबर दूध घेतलं तर गुणच येत नाही.”

“अगं, पण मी...”

“नुसतं सांगून ठेवते.”

झोपताना पेलाभर दूध घेणं ही आईची लग्नाआधीपासूनची सवय. त्या दिवसापासून दुधाचा पेला तसाच राहायला लागला. बाबा बुचकळ्यात पडले. त्यांनी ठकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मला काही झालंय का? आणि तुम्ही दोघी लपवताय का?”

एवढं सगळं मजेत चाललं, तरी गणित काही सुटत नव्हतं. एका तोंडापुरत्या गोळ्या दोन तोंडांत वाटल्या गेल्या होत्या. दोघींपैकी एकीचंही धड भलं होत नव्हतं. शेवटच्या पंधरवड्याच्या गोळ्या मिळाल्यावर ठकीने त्या बुटांच्या दुकानातच आपल्या खणात कुलपात ठेवल्या, आणि आईला काही बोलली नाही. आई रोज पर्स तपासत असणार, कारण ती भलतीच चिडचिडी झाली. एका बाईच्या भुवया तिने इतक्या बारीक कोरल्या की ती बाई महिनाभर चकित दिसत होती.

असा पैजेचा रविवार उजाडला.

पंच म्हणून बँकेतल्या बाई आणि गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. दोघी पार्लरच्या पहिल्या दिवसापासूनच्या. बाबा दुकानातलं मोठं भिंग घेऊन आले. आईने पार्लरचा मोठा दिवा लावला, आणि ठकी मधोमध स्टुलावर बसली, दुकानातल्या बुटासारखी.

“कपाळ स्वच्छ,” बँकेतल्या बाई म्हणाल्या. “गालही स्वच्छ. डाग आहेत, पण ते जातील. कमाल आहे हो!”

“हनुवटी बघा की,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. “ही एक. आणि ही कोपऱ्यात दुसरी.”

“दोन म्हणजे काही नाही. आधी केवढ्या होत्या!”

“पण अट काय होती? एकही नको.”

बाबांनी भिंग लावलं. हनुवटीवरच्या दोन पुटकुळ्या भिंगातून टोमॅटोएवढ्या दिसल्या. “आहेत खऱ्या,” ते म्हणाले. “पण सुधारणाही आहे. दोघींचंही...”

“बरोबर आहे,” आई आणि ठकी एकदमच म्हणाल्या.

सगळे आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, “अट म्हणजे अट.” पण आवाज बारीक होता.

आता पत्ता टाकायची वेळ आली होती. ठकीने कितीदा मनाशी घोकलं होतं, ‘आई, जरा हात दाखव बघू पंचांना.’ एवढंच वाक्य. माझ्या पुटकुळ्या राहिल्या कारण माझ्या गोळ्या हिने खाल्ल्या, आता सांगा कोण हरलं. तिने तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. आईने हात एप्रनच्या खिशांत घातले होते. हातांवरची जुनी कातडी सुटून खाली नवी गुलाबी आली होती. आई ठकीकडे बघत होती, आणि त्या नजरेत एवढी भीती होती की ठकीला कळलं, हिला सगळं ठाऊक आहे. पाण्याचा पेला, दूध, सगळं कोणासाठी सांगितलं जात होतं ते हिला पहिल्या दिवसापासून कळलंय. आणि समोर बसलेल्या या दोघी बायका म्हणजे तिचं पार्लर होतं. ठकीला एकाएकी आईची फार माया आली. त्याच क्षणी तिला स्वतःचा रागही आला, कारण इतके दिवस जपलेली मजा हातची गेली.

“हरले,” ती म्हणाली.

ती स्टुलावरून उठली, खुर्चीत जाऊन बसली आणि मान मागे टाकली. डोळे मिटले. नखं आपोआप खुर्चीच्या हातांत रुतली. वाफेच्या यंत्राची फुसफुस सुरू झाली, ट्रेमध्ये काहीतरी वाजलं. दिव्याची ऊब तोंडावर आली. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

ठकीने डोळे उघडले. आई सळई हातात घेऊन उभी होती. तिने ती ट्रेमध्ये परत ठेवली, कापसाचा मोठा बोळा क्रीममध्ये बुडवला आणि स्वतःच्याच तोंडावरून फिरवला. एकदा, दोनदा. कापूस तपकिरी झाला. तिने दुसरा घेतला.

“ही बघा,” आई पंचांकडे वळून म्हणाली. “ही मी. हिच्या गोळ्या मी खाल्ल्या. पैज ही जिंकली आहे.”

आईची हनुवटी आणि जबड्याची कड पुटकुळ्यांनी भरलेली होती, लेकीची गोळ्यांआधी होती तशी. बाबा भिंग घेऊन जवळ गेले.

“अगं, हे केव्हापासून?”

“झाली पाच-सहा वर्षं. या वयात सुद्धा होतात म्हणे,” आई म्हणाली. “जगाच्या डोळ्यांना काचा लावता तुम्ही. घरी येताना एखादी घेऊन यायचीत.”

बाबांनी भिंग खाली केलं. त्यांना त्यातली एकच बाजू दिसत होती, आणि ती आईची होती.

बँकेतल्या बाईंनी पर्स उघडली, आरसा काढला, स्वतःच्या जबड्याखालचं काहीतरी बघितलं आणि आरसा बंद केला. “त्या डॉक्टरांचा पत्ता काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“आधी यांना न्यायला हवं,” गाण्याच्या बाई आईकडे बोट दाखवून म्हणाल्या. “आणि मी सांगू का? मी तिथे दोन वर्षं जाते. मागच्या दाराने. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“दोन वर्षं?” आई किंचाळली. “आणि मी तुमच्याकडून ‘काय हात आहे तुमचा’ असं ऐकून घेत होते?”

“हात चांगलाच आहे हो. मालीश दुसरीकडे अशी होत नाही.”

मग हसणं, मग चहा, आणि सोमवारी तिघींनी मिळून दवाखान्यात जायचं ठरलं, पुढच्या दाराने. पंच गेले. बाबा कप विसळायला आत गेले. आई ट्रे आवरायला लागली. उघड्या तोंडाने ती लहान दिसत होती, आणि ठकीला तिच्याकडे बघायची अजून सवय नव्हती, म्हणून ती खुर्चीतून बघतच राहिली. पुटकुळ्या होत्या, काही जुन्या, काही ताज्या. ठकी उठली आणि जवळ आली. तिच्या स्वतःच्या हनुवटीवर दहा वर्षांच्या सळईच्या खुणा होत्या, बारीक, गोल, एकेक ओळखू येणारी. आईच्या तोंडावर तसली एकसुद्धा नव्हती.

“आई, तू तुझी एकही दाबली नाहीस?”

आई ट्रे पुसत होती. पुसून झालेली कड तिने पुन्हा पुसली.

“एकदा बघितली दाबून,” ती म्हणाली. “पहिली आली तेव्हा.”

“मग?”

आईने सळई फडक्यात गुंडाळली आणि ती गुंडाळी हातात धरूनच खाली बसली.

“फार दुखतं गं,” ती म्हणाली. “तू कधी बोलली का नाहीस?”